साबणाची ‘फेस’ व्हॅल्यू!

कपाटातला तारेचा हँगर छुपा कलाकार आहे, माहीत आहे का? साच्यात रंगीत साबणाचे थर ओता, वाकवलेली तार आत बुडवा, दोन-चार गिरक्या द्या, अलगद वर काढा. झाला ‘हँगर स्वर्ल’! फक्त तार ॲल्युमिनियमची नको. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम भेटले की हायड्रोजन वायू सुटतो. असली केमिस्ट्री सिनेमातच बरी.

सगळा खेळ टायमिंगचा! तेल आणि कॉस्टिकचं पाणी ब्लेंडरने फिरवताना एक वेळ अशी येते, की वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहते. हा ‘ट्रेस’. घाई केलीत तर रंगाचा बेरंग, उशीर केलात तर ढेकळं. आणि हौसेने लवंगतेल ओतलंत तर? मिश्रण बघता बघता दगड होऊ शकतं. याला म्हणतात ‘सीझ’ होणं. पोलीस नाहीत, पंचनामा नाही, माल जप्त!

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो? अल्कलीमुळे. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातली युक्ती हीच. म्हणून कच्च्या साबणात पिवळीधमक हळद टाकलीत, तरी मिश्रण लालेलाल होतं.

बीट मात्र दगाबाज. गुलाबी साबणाचं स्वप्न दाखवतं आणि हाती तपकिरी वडी ठेवतं. व्हॅनिलाचा सुगंधही तसाच. पांढराशुभ्र स्वर्ल काही दिवसांत चॉकलेटी! उलट रोगनजोशला लाल करणारी रतनजोत साबणात जांभळी होते. हिला फुल मार्क्स.

आता जॅकपॉट. साबण नेमका कसा बनतो, हे उलगडणारा आणि शेजारी-शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलून दाखवतात, हे सांगणारा माणूस एकच होता, माहीत आहे का? फ्रान्सचा मिशेल यूजीन शेव्रल! १८२३ मध्ये चरबी आणि तेलांवरचं पुस्तक, १८३९ मध्ये रंगांवरचं. मधल्या काळात पॅरिसच्या प्रसिद्ध गोबेलिन विणकाम कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख झाला होता. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचं नाव आहे. टॉवर उभा राहिला १८८९ मध्ये, शेव्रल गेला त्याच वर्षी, वयाच्या १०२व्या वर्षी. स्वर्लवाल्यांनी याचा फोटो लावायला हरकत नाही!

आणि स्वर्ल ही इन्स्टाग्रामची देणगी नाही बरं. फ्रान्समधल्या मार्सेयच्या जुन्या कारखान्यांत लोहाच्या क्षारांनी निळसर शिरांचा संगमरवरी साबण बनायचा. पाणी जास्त झालं तर शिरा तळाशी बसायच्या. त्यामुळे नक्षी म्हणजेच क्वालिटीचा शिक्का.

कागदावरचा हाच खेळ म्हणजे तुर्कस्तानची एब्रू कला, २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत. आपल्या शेजारी विजापूरकडेही सतराव्या शतकात असे लहरदार कागद वापरून चित्रं घडत होती. दख्खन तेव्हाही ट्रेंडिंग!

परत साबणाकडे. ‘तैवान स्वर्ल’ हा आणखी एक प्रकार. त्याची वडी उभी कापा, पट्टे. आडवी कापा, पिसारा. साबण तोच, सुरी तीच!

ओतताना गॉगल-ग्लव्हज हवेतच, आणि कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. मग वड्या मुरायला ४ ते ६ आठवडे. दिवाळीला हव्यात? अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी, साधारण ४४ दिवस. बाप्पाला निरोप दिला की साचा काढा, अभ्यंगस्नानाला वडी तय्यार!