लाल नवं, पिवळं पाडायचं

परळ-भोईवाड्यात, नायगावात, दादर पूर्वेला चाळीच्या नोटीस बोर्डावर गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या यादीशेजारी आता आणखी एक कागद दिसतो: पुनर्विकासाचा नकाशा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या ४२ नायगावच्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, हा म्हाडाचा तिथला हिशेब. त्याशिवाय दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, म्हणजे उपकरप्राप्त इमारती आणि जुन्या सोसायट्या आहेतच. मोठ्या प्रकल्पांचे नकाशे मोठ्या कंपन्यांत निघतात, पण एकेकट्या इमारतीचं काम बहुधा दोन-चार माणसांच्या ऑफिसात होतं. तिथे कधी ना कधी प्रश्न येतो की मोठा रंगीत प्रिंटर घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कोणता.

रंग कशाला, असं विचारणारे असतात. पण नकाशातला रंग ही हौस नव्हे. मंजुरीच्या नकाशात काय कुठल्या रंगात दाखवायचं ते नॅशनल बिल्डिंग कोडने ठरवून दिलेलं आहे. नवं बांधकाम लाल भरलेलं, पाडायचं ते पिवळ्या रेघोट्यांनी, ड्रेनेज लाल तुटक रेघेने, पाण्याची लाइन काळ्या तुटक रेघेने, रस्ता हिरवा. पूर्वी हे काम हाताने होई. ट्रेसिंग पेपरवर रॉट्रिंगच्या पेनाने नकाशा काढायचा, चुकलं की ब्लेडने अलगद खरवडायचं, मग दुकानात जाऊन अमोनिया प्रिंट काढायच्या. दुकानात पाऊल टाकताच डोळ्यांतून पाणी यायचं. त्या जांभळट रेघांच्या प्रती टेबलावर पसरून ऑफिसातला सगळ्यात नवा मुलगा रंगवत बसे. जितक्या प्रती, तितक्या वेळा तेच रंगकाम. आणि एखाद्या प्रतीत एक भिंत रंगवायची राहिली की साहेबांची बोलणी. पुढे कागदावर खरोखरीची पेनं फिरवणारे प्लॉटर आले, १९९१ मध्ये एचपीने शाईचे बारीक थेंब उडवणारा पहिला डिझाइनजेट काढला, आणि पुढे अशी मशीन रंगीत झाल्यावर रंगवणाऱ्या मुलाची सुटका झाली.

आता मुंबई महापालिकेत प्रस्ताव ऑनलाइन जातात. तरी कागद हटलेला नाही, कारण नकाशा वाचणारे बदललेले नाहीत. साइटवरच्या मिस्त्रीला तो भिंतीवर चिकटवायला हवा असतो. सोसायटीच्या सभेत स्क्रीनवर नकाशा लावला की मागच्या रांगेतून कुजबूज सुरू होते. शीट टेबलावर पसरली की आजी पुढे येतात, बोट ठेवतात आणि विचारतात, ‘‘माझी मोरी कुठे आली यात?’’ १:१०० या प्रमाणात ५०० चौरस फुटांचं घर कागदावर जेमतेम सात सेंटिमीटर लांब-रुंद येतं. १:५० ला तेच चौदा सेंटिमीटरचं होतं, आणि मोरी दिसते. प्रिंटरची निवड शीट केवढी हवी इथून सुरू व्हावी असं मला वाटतं. विक्रेता मात्र सुरुवात डीपीआयपासून, म्हणजे एका इंचात किती ठिपके त्यापासून करतो. साध्या बाँड पेपरवर २४०० डीपीआयचा दिमाख फारसा उतरत नाही, शाई कागदात थोडी पसरतेच.

रुंदीचा हिशेब सरळ आहे. ए-वन शीट ५९४ गुणिले ८४१ मिलिमीटर, ए-झिरो ८४१ गुणिले ११८९. चोवीस इंची मशीनवर ए-वन बसते, ए-झिरोला छत्तीस इंची लागते. छत्तीस इंची रोलवर ए-वन आडवी टाकली की ५० मीटरच्या रोलमधून ८४ शीट निघतात. चोवीस इंचीवर ५९. इमारतींचं काम असेल तर छत्तीसच घ्यावी. फक्त घेण्याआधी ऑफिसचा जिना मोजावा. स्टँडसकट ही मशीन सव्वा-दीड मीटर रुंद असते, आणि जुन्या चाळीच्या लाकडी जिन्याच्या वळणावर ती अडकली की हमाल आणि मालक दोघेही एकमेकांकडे बघत राहतात.

खरी मेख शाईत आहे, आणि मुंबईत तर पावसामुळे ती दुप्पट. शाई दोन जातींची. डाय शाई कागदात मुरते, रंग झळाळता देते, पण पाण्याचा थेंब पडला की फुटते. पिगमेंट शाईत रंगाचे अतिबारीक कण असतात. ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात आणि ओल बऱ्यापैकी सोसतात. एपसनच्या शुअरकलर टी आणि कॅननच्या टीएम मालिकेत सगळे रंग पिगमेंटचे. एचपीच्या छोट्या टी-मालिकेतल्या बऱ्याच मशीनमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय. म्हणजे जुलैत साइटवर शीट भिजली की काळ्या रेघा तशाच राहतील, आणि लाल-पिवळं वाहून जाईल. नेमकं नवं काय आणि पाडायचं काय, तेच पुसलं जाईल! ऑफिसातल्या ऑफिसात प्रिंट राहणार असतील तर डाय चालेल. साइटवर जाणार असतील तर पिगमेंटशिवाय दुसरा विचार करू नये.

कागदही पावसाळ्यात फुगतो. रोलच्या कडांना लाटा येतात, प्रिंट हेड त्यांवर घासतं आणि शीटच्या काठाला काळा फरांटा उमटतो. लोक मशीनला दोष देतात. दोष हवेचा असतो. संध्याकाळी रोल काढून त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला तर बराच त्रास वाचतो. ओलीने कागदाची लांबीही बदलते. शिवाय प्रिंटरच्या माहितीपत्रकात रेघेची अचूकता अधिक-उणे ०.१ टक्का लिहिलेली असते. ए-झिरोच्या लांबीवर तो फरक १.२ मिलिमीटर होतो आणि १:१०० ला जागेवर १२ सेंटिमीटर. म्हणूनच शीटवर पट्टी ठेवून माप काढू नये, लिहिलेलं माप वाचावं, असं बहुतेक नकाशांवर छापलेलं असतं.

खर्चाचं गणित मशीनच्या किमतीवर मांडणं म्हणजे फसगत. छोट्या काडतुसातली शाई मोठ्या काडतुसाच्या मानाने दर मिलिलिटरला महाग पडते, आणि स्वस्त मशीनमध्ये बहुधा छोटंच बसतं. शिवाय इंकजेटला रिकामं बसणं सोसत नाही. पंधरा दिवस बंद राहिली की नोझल बुजतात, मग सफाईत शाई वाहून मेंटेनन्स टाकीत जाते. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: रोज दोन-चार तरी मोठ्या शीट निघत नसतील, तर मशीन घेऊच नये. दादर-परळ भागात प्लॉट काढून देणारी दुकानं आहेत, पेन ड्राइव्ह घेऊन जावं. स्वतःची घेतली तर वीज चालू ठेवावी, म्हणजे ती अधूनमधून आपली नोझल साफ करते, आणि दर काही दिवसांनी सगळ्या रंगांची एक पट्टी छापावी.

फाइलच्या बाबतीत एक खास मराठी अडचण आहे. सभेसाठी ‘स्वयंपाकघर’, ‘न्हाणीघर’ असं देवनागरीत लिहावं लागतं, आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव दुसऱ्या संगणकावर अगम्य खुणा होऊन उमटतं. पीडीएफ करतानाच फॉन्ट आत बांधून घ्यावा, आणि मशीन पीडीएफ थेट छापते का ते विचारावं.

डेमोला जाताना विक्रेत्याचा गुळगुळीत नमुना बघत बसू नये. आपलीच फाइल न्यावी: अगदी बारीक हॅच, पिवळ्या रेघोट्या, लाल भरलेली भिंत आणि मराठी अक्षरं असलेली. साध्या बाँडवर छापायला सांगावं. काळी रेघ भिंगातून बघावी, कडेला निळी-लाल झाक दिसली तर ती तीन रंग मिसळून काढलेली आहे. शीट वाळल्यावर ओलं बोट लालवर घासावं. शेवटी मशीन दुरुस्त करणारा माणूस कुठून येतो, आणि जुलैत किती दिवसांत येतो, ते विचारून लिहून घ्यावं.