संस्थेचा फॉर्म, माणसांची माहिती

उल्हासनगरच्या कॅम्पातली भीमगीतांची गायन पार्टी, अंबरनाथचं ढोल-ताशा पथक, बदलापूरजवळच्या आगरी गावातली बँजो पार्टी किंवा भजनी मंडळ यांना सरकारी कागदावर ‘संस्था’ म्हणतात. प्रत्यक्षात संस्थेचा पत्ता म्हणजे प्रमुखाचं राहतं घर, संस्थेचा फोन म्हणजे त्याच्या खिशातला मोबाईल आणि संस्थेचं वार्षिक उत्पन्न म्हणजे सात-आठ घरांनी लग्नसराईत आणि जयंतीच्या दिवसांत सुपाऱ्यांवर मिळवलेले पैसे. त्यामुळे ‘आम्ही फक्त संस्थांची माहिती घेतो, व्यक्तींची नाही’ हे आश्वासन कला संस्थांच्या सर्वेक्षणात इथे तरी टिकत नाही. संस्थेबद्दलचं प्रत्येक उत्तर कुणातरी माणसाच्या दारापर्यंत जातं. म्हणून त्या माणसाची ओळख कशी जपायची, हे प्रश्नावली छापायला जाण्याआधीच ठरलं पाहिजे.

अशी पाहणी होऊच नये, असं मुळीच नाही. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या 5 लाख 6 हजार, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर ही वस्ती कितीतरी वाढली. एवढ्या लोकांत किती नाट्यसंस्था आहेत, तालमीला जागा कुठे मिळते, सिंधी ‘भगत’ ही लोककला सादर करणारे किती उरलेत, याचा हिशेबच नसेल तर नाट्यगृह कुठे बांधायचं आणि अनुदान कुणाला द्यायचं हे ओळखीपाळखीवर ठरतं. कोविडमध्ये हे उघडं पडलं. मंच बंद झाले तेव्हा हातावर पोट असलेल्या कलावंतांची तयार यादी सरकारकडे नव्हती. 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे 56 हजार कलावंतांना प्रत्येकी 5 हजार रुपये देण्याचा निर्णय झाला, पण पात्र कोण हे जिल्ह्याजिल्ह्यांतून अर्ज मागवून ठरवावं लागलं. राज्याचं सांस्कृतिक धोरण 2010 मध्ये आलं, 2024 मध्ये नवं आलं. केंद्राच्या राष्ट्रीय सांस्कृतिक मॅपिंग मोहिमेत ‘मेरा गाँव मेरी धरोहर’ या नावाने साडेसहा लाख गावांची सांस्कृतिक नोंद करण्याचं काम 2023 मध्ये समोर आलं. मोजदाद होणार हे नक्की, आणि ती व्हायलाच हवी.

प्रश्न आहे तो कायद्याच्या आडोशाचा. जनगणनेत दिलेलं उत्तर 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 खाली गुप्त राहतं. ते कुणाला पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. 2008 चा सांख्यिकी संकलन कायदाही माहिती देणाऱ्याची ओळख झाकल्याशिवाय ती माहिती उघड करू देत नाही. पण हे दुसरं संरक्षण त्या कायद्याखाली रीतसर अधिसूचना काढून केलेल्या पाहणीलाच मिळतं. एखाद्या खात्याने किंवा नगरपालिकेने साधं परिपत्रक काढून फॉर्म वाटले, तर ते आपोआप लागू होत नाही. उरतो 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी त्यानंतर 18 महिन्यांची मुदत ठेवली गेली. कागदावर भरलेला आणि कागदावरच राहिलेला फॉर्म या कायद्यात येत नाही. त्याची माहिती संगणकात चढवली की येतो. संशोधन आणि सांख्यिकीसाठी त्यात सूट आहे, पण अटीवर: त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेता कामा नये. सगळ्या चर्चेचं मर्म या अटीत आहे. जो फॉर्म कलेची आकडेवारी काढण्यासाठी भरून घेतला, त्याच फॉर्मवरून उद्या कुणाचं मानधन थांबवलं, तर ते सर्वेक्षण राहत नाही, ती चौकशी होते.

मानधनाचं उदाहरण मुद्दाम घेतलं. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार दरमहा 5 हजार रुपये देतं, आणि त्याला वयाची तशी उत्पन्नाचीही मर्यादा आहे. एखाद्या वृद्ध शाहिराने सर्वेक्षणात ‘गेल्या वर्षी किती कार्यक्रम केले, किती पैसे मिळाले’ याचं खरं उत्तर दिलं आणि तो आकडा योजनेच्या टेबलावर गेला, तर पुढच्या वेळी परिसरातला एकही कलावंत खरा आकडा सांगणार नाही. गोपनीयता ही म्हणूनच आकडेवारीच्या खरेपणाची पहिली गरज आहे. 1950 पासून चालत आलेली राष्ट्रीय नमुना पाहणी घराघरांतला खर्च विचारते आणि ओळख काढून टाकलेली माहिती अभ्यासकांना देते; लोक उत्तरं देतात ती याच भरवशावर.

नाव खोडलं की काम झालं, असा मात्र एक सोपा समज आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधिकेने नावं काढून दिलेली रुग्णालयांची माहिती मतदारयादीशी ताडून पाहिली आणि मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांच्याच वैद्यकीय नोंदी शोधून काढल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढं तिला पुरलं. आपल्याकडे मतदारयादी नाव, वय, नात्यातल्या व्यक्तीचं नाव आणि घर क्रमांकासह सर्वांसाठी खुली असते. आता ‘अंबरनाथ तालुका, धवलारीण, वय 70 च्या वर, वार्षिक उत्पन्न अमुक’ अशी नाव नसलेली ओळ डोळ्यांसमोर आणा. आगरी लग्नात धवले म्हणणाऱ्या अशा बायका आता मोजक्याच उरल्या आहेत. ही ओळ वाचून पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही त्या आजीचं नाव सांगेल. बदलापूरच्या पुढच्या वांगणीत अनेक दृष्टिहीन कुटुंबं राहतात. ‘वांगणी, दृष्टिहीन, हार्मोनियमवादक’ असं लिहिलं की नाव लिहायचं राहिलंच काय? शहर लाखांचं असलं तरी कलेचा एकेक कोपरा मूठभर माणसांचा असतो. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांची विविधता प्रसिद्ध करताना 50 हून कमी कायम कर्मचारी असलेल्या संस्थांचे आकडे स्वतंत्रपणे दिले नाहीत, ते याच कारणाने. आपल्याकडे 50 कायम कर्मचाऱ्यांची कला संस्था शोधूनही मुश्किलीने सापडेल. तेव्हा बारीक तक्ते एकत्र करावेत, वय दशकांत आणि उत्पन्न टप्प्यांत द्यावं, आणि पाचापेक्षा लहान आकडा छापूच नये.

नुकसान कुणाचं, हेही बघायला हवं. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलेलं शहर. पाकिस्तानातून पुढेही कुटुंबं येत राहिली आणि त्यांतल्या काहींची नागरिकत्वाची कागदपत्रं वर्षानुवर्षं अडकून असतात. ‘जन्मस्थान’ हा रकाना अशा गायकाला घाबरवतो. ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाणारी मुलगी घरी वेगळंच काम सांगत असेल. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डान्स बारमध्ये सक्तीने सीसीटीव्ही लावण्याची अट खासगीपणाच्या मुद्द्यावर रद्द केली. आणि सरकारविरुद्ध गाणी म्हणणाऱ्या पथकाला ‘सदस्यांची नावं व पत्ते’ मागितले, तर कबीर कला मंच या शाहिरी गटाच्या कलाकारांना झालेल्या अटका आठवून ते पथक पाहणीपासून लांबच राहील. सगळ्यात जास्त गरजेची माणसं मोजणीतून अशीच निसटतात.

यावर पहिला आक्षेप असा की संस्थांची माहिती तर आधीच उघड आहे. विश्वस्तांची नावं धर्मादाय आयुक्तांकडे आहेतच. आहेत, आणि असावीत. पण विश्वस्ताचं नाव उघड असणं वेगळं आणि तबलजीची जात, मोबाईल, बँक खातं, आजारपण एका एक्सेलमध्ये शेजारीशेजारी बसणं वेगळं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ओळख पटवली नाही तर बोगस संस्था घुसतील, एकाच मंडळाची तीन नावं येतील. अनुदान देताना ओळख पटवायलाच हवी, आधारही लागेल, पण ते अनुदानाच्या अर्जात. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर आधार क्रमांकाचं काहीच काम नाही. दुबार नोंद टाळायला एक सांकेतिक क्रमांक पुरतो; क्रमांक आणि नाव जोडणारी वही वेगळ्या अधिकाऱ्याकडे कुलपात ठेवावी. तिसरा आक्षेप माहिती अधिकारवाल्या कार्यकर्त्यांचा, आणि त्यांची धास्ती रास्त आहे. 2023 च्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मधून व्यापक जनहिताचा अपवाद काढून टाकला. गोपनीयतेच्या नावाखाली उद्या अनुदानाच्या याद्याही झाकल्या जातील. त्या झाकता कामा नयेत. सार्वजनिक पैसा कुठल्या संस्थेला किती मिळाला हे रुपयाच्या हिशेबाने उघड राहावं. जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम 8(2) मध्ये अजून शाबूत आहे. पैसे घेणाऱ्या संस्थेचा हिशेब आणि फक्त प्रश्नाला उत्तर देणाऱ्या माणसाची ओळख, यांतली रेघ स्पष्ट आखली तर दोन्ही हक्क जपता येतात.

राहिला नगरपालिकेच्या कुवतीचा मुद्दा. माणसं कमी, संगणक जुने, एवढं सगळं कोण करणार, असं म्हटलं जाईल. पण माहिती फुटते ती बहुधा अगदी साध्या जागी: भरलेल्या फॉर्मचा फोटो कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, तिथून तो नगरसेवकाच्या कार्यकर्त्याकडे पोहोचतो आणि निवडणुकीत त्याच नंबरांवर मेसेज येऊ लागतात. ग्रुपवर फोटो न टाकण्याला पैसे लागत नाहीत. नको ते रकाने छापले नाहीत तर उलट कागद वाचतो. फॉर्मच्या माथ्यावर माहिती कशाला हवी, कोण पाहील आणि कधी नष्ट होईल हे तीन ओळींत मराठीत आणि उल्हासनगरात सिंधीतही लिहावं. ज्याला वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्याला ते वाचून दाखवावं. ‘सांगायचं नाही’ असा पर्याय प्रत्येक खासगी प्रश्नापुढे असावा. खरी काळजी गणकाची आहे. तो त्याच गल्लीतला असेल तर शेजारणीला आपलं उत्पन्न किंवा जात त्याला सांगणं जड जातं, म्हणून उल्हासनगरचा गणक बदलापूरला आणि बदलापूरचा अंबरनाथला पाठवावा. तिन्ही स्टेशनं एकाच लोकलच्या वाटेवर आहेत.