इंजिन ज्याचे, शेवटचा शब्द त्याचा

 या लेखाचे कारण ओझरहून आलेले एक पत्र. पत्रलेखकांची उभी हयात तिथल्या विमान कारखान्यात मिग जोडण्यात गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरलाच तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले, त्याचा आनंद पत्राच्या ओळीओळीत आहे. शेवटी ते विचारतात : मिग आम्ही बनवत होतो, पण तो विकायचा अधिकार आपला नव्हता, कारण विमान रशियाचे. तेजस तर आपले आहे. मग ते आपण हव्या त्या देशाला विकू शकतो ना?

नाही, विकू शकत नाही. शस्त्रविक्रीच्या राजकारणात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट याच उत्तरात दडलेली आहे, म्हणून हा सगळा लेख त्यांच्या प्रश्नासाठी.

तेजसमध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ इंजिन आहे. अमेरिकी कायद्यानुसार असे इंजिन ज्या देशाला मिळते, त्याला ते तिसऱ्या देशाला द्यायचे झाले तर आधी वॉशिंग्टनची परवानगी लागते. सुटे दिले काय किंवा विमानात बसवून दिले काय, नियम तोच. आणि ही परवानगी एकदा मिळाली की कायमची मिळाली असे होत नाही. गिऱ्हाईक बदलले की अर्ज नवा आणि निर्णयही नवा.

हा नियम आपल्याला सगळ्यात आधी झोंबला तो विक्रेता म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून. सत्तरच्या दशकात हवाई दलाला शत्रूच्या प्रदेशात खोलवर मारा करणारे विमान हवे होते. शर्यतीत तीन विमाने होती : ब्रिटन-फ्रान्सचे जग्वार, फ्रान्सचे मिराज एफ-१ आणि स्वीडनचे व्हिगेन. व्हिगेन माझे फार आवडते विमान. महामार्गाच्या सरळ तुकड्यावर उतरायचे, उतरल्यावर इंजिनाचा झोत उलटा फिरवून थोडक्या अंतरात थांबायचे. स्वीडन तेव्हा तटस्थ देश होता, कोणत्याही लष्करी गटात नसलेला. अलिप्त भारताने तटस्थ स्वीडनकडून विमान घ्यावे, यात तिसऱ्याचा संबंध कुठे येतो?

तो इंजिनात आला. व्हिगेनचे आरएम-८ इंजिन व्होल्वोच्या कारखान्यात तयार होई, पण त्याचा मूळ आराखडा अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीच्या जेटी-८डीचा. म्हणजे बोइंग ७२७ आणि ७३७ या प्रवासी विमानांचे इंजिन! स्वीडिश अभियंत्यांनी त्याला आफ्टरबर्नर जोडून लढाऊ बनवले होते. तरी १९७८ मध्ये कार्टर सरकारने व्हिगेन भारताला द्यायला नकार दिला. त्याच वर्षी मोरारजी देसाई सरकारने जग्वार निवडले. नकार आला नसता तर आपण व्हिगेनच घेतले असते, असे माझे म्हणणे नाही. दोन इंजिनांच्या जग्वारचे पारडे तसेही जड होते. मुद्दा असा की दोन देशांच्या सौद्यातला एक पर्याय तिसऱ्याच देशाने टेबलावरून उचलून नेला. व्हिगेन पुढेही कुठल्याच परदेशी हवाई दलाला विकले गेले नाही.

इस्रायलची गोष्ट याहून नाट्यमय. १९६७ च्या युद्धाच्या वेळी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी इस्रायलला शस्त्रे देणे थांबवले आणि पन्नास मिराज-५ विमाने फ्रान्समध्येच अडकली. पैसे मोजलेले, विमाने तयार, पण ताबा नाही. मग इस्रायलने स्वतःच मिराज बनवायला घेतले. अडचण इंजिनाची होती. स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनी मिराजची अतार इंजिने परवान्याखाली बनवत असे. तिथला आल्फ्रेड फ्राउएनक्नेख्ट हा अभियंता जाळून टाकायचे आराखडे बाजूला काढून इस्रायलकडे पोचवू लागला. १९६९ मध्ये तो पकडला गेला आणि पुढे साडेचार वर्षांची शिक्षा झाली. एका इंजिनाच्या कागदांसाठी एवढा धोका पत्करला गेला, यावरूनच त्या कागदांची किंमत कळावी.

पुढे इस्रायलने त्याच सांगाड्यात अमेरिकी जे-७९ इंजिन बसवून क्फीर हे अधिक ताकदीचे विमान तयार केले. फ्रान्सच्या हातून सुटका झाली, आणि दोर अमेरिकेच्या हाती गेला. १९७७ मध्ये इस्रायलने इक्वेडोरला २४ क्फीर विकायचे ठरवले, तेव्हा कार्टर सरकारने परवानगी नाकारली. रेगन आल्यावर परवानगी मिळाली आणि इक्वेडोरला बारा क्फीर मिळाली. विमान तेच, इंजिन तेच. बदलला फक्त अमेरिकेचा अध्यक्ष.

अलीकडचे उदाहरण तुर्कस्तानचे. त्यांनी २०१८ मध्ये पाकिस्तानशी ३० टी-१२९ लढाऊ हेलिकॉप्टरांचा करार केला. इंजिनात अमेरिकी कंपनीचा वाटा होता. परवाना आला नाही आणि सौदा बारगळला. तेच हेलिकॉप्टर फिलिपिन्सला मात्र मिळाले. एका गिऱ्हाइकाला हो, दुसऱ्याला नाही. तंत्रज्ञान कोणाच्या हाती पडेल, एवढीच काळजी असती तर हा भेद दिसला नसता. हे परराष्ट्र धोरण आहे आणि इंजिन हे त्याचे हत्यार.

इंजिनाखेरीज इतर भागही असे अडवता येतात. अर्जेंटिनाला लढाऊ विमाने हवी होती आणि दक्षिण कोरियाच्या एफए-५० वर त्यांची नजर होती. २०२० मध्ये कोरियन कंपनीला कळवावे लागले की विमानातले सहा भाग ब्रिटिश आहेत, म्हणून विक्री शक्य नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धाची सल ब्रिटनने अजून सोडलेली नाही. तेजसचे नावही अर्जेंटिनात चर्चेत होते, पण तेजसमध्ये वैमानिक ज्या खुर्चीवर बसतो ती मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीची. शेवटी अर्जेंटिनाने २०२४ मध्ये डेन्मार्ककडून २४ जुनी एफ-१६ घेतली, अमेरिकेच्या आशीर्वादाने.

खुर्ची बदलता येते. थोडा काळ आणि थोडा पैसा लागतो, पण जमते. इंजिन बदलायचे म्हणजे विमानाचे पोट नव्याने आखायचे : हवा आत घेणारे मार्ग, वजनाचा तोल, उड्डाण-नियंत्रणाची गणिते, सगळेच. आणि बदलून दुसरे आणायचे कुठून? अव्वल दर्जाची लढाऊ इंजिने बनवणारे देश एका हाताच्या बोटांवर मोजता येतात : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि दीर्घ धडपडीनंतर चीन. कारण टर्बाइनची पाती. ज्या वायूच्या झोतात ती फिरतात, त्याचे तापमान त्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असते. तरी ती वितळत नाहीत, कारण प्रत्येक पाते निकेलच्या मिश्रधातूच्या एकाच स्फटिकातून घडवलेले असते, आतून पोकळ असते, केसासारख्या बारीक छिद्रांतून थंड हवा त्याच्यावर पांघरलेली असते आणि वरून सिरॅमिकचा लेप असतो. ही विद्या आराखडे मिळाले तरी हाती येत नाही. ती वर्षानुवर्षे पाती मोडून, जाळून, पुन्हा ओतूनच येते.

आपल्याकडे ही विद्या शिकायची संधी फार लवकर आली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या फोक-वुल्फ १९० चे जर्मन रचनाकार कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळुरूला आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली एचएफ-२४ मारुत साकारले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. आशियात एवढे महत्त्वाकांक्षी विमान तेव्हा क्वचितच कोणी हाती घेतले असेल. ते आखले होते ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या आशेने, ब्रिटनच्या ऑर्फियस-१२ या प्रस्तावित इंजिनाभोवती. ब्रिटनला ते इंजिन नकोसे झाले. कंपनीने विकासखर्च भारताकडे मागितला आणि आपण नाही म्हटले.

मग मारुतमध्ये आफ्टरबर्नर नसलेली ऑर्फियस-७०३ बसली आणि सुंदर, निमुळते विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडखळले. आपण रशियन इंजिने चाचपली. इजिप्त तेव्हा ई-३०० नावाचे इंजिन बनवत होता, म्हणून एक मारुत तिथेही नेऊन उडवले. तो प्रकल्पही विझला. ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडलेल्या मारुतच्या चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. १४७ मारुत बनली आणि १९७१ मध्ये राजस्थान-सिंध आघाडीवर चांगली लढली. पण तो सांगाडा ज्या इंजिनाची वाट पाहत राहिला, ते शेवटपर्यंत आले नाही. तेव्हा वाचवलेला पैसा हा आपल्या विमान-इतिहासातला सर्वांत महागडा काटकसरीचा निर्णय होता, असे माझे ठाम मत आहे.

कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. ते तेजससाठी होते. वजन जास्त आणि जोर कमी भरला, आणि २००८ मध्ये त्याची तेजसपासून फारकत झाली. दरम्यान १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेत तेजसच्या उड्डाण-नियंत्रणावर काम करणारे आपले अभियंते परत पाठवले गेले होते. म्हणजे धडा हाताशी होता, पण इंजिनाला तो लागू करायला पैसा आणि चिकाटी दोन्ही अपुरी पडली. ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ एफ-४०४ इंजिनांची मागणी नोंदवली. पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. इथे कोणी मुद्दाम अडवले नव्हते, कंपनीची पुरवठासाखळीच कोलमडली होती. तरी सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट, हे दृश्य मारुतच्या काळाहून वेगळे नव्हते.

दुसऱ्याच्या इंजिनावर निर्यात करताच येत नाही, असेही नाही. स्वीडनचे ग्रिपेन अमेरिकी वंशाच्या इंजिनावर उडते आणि हंगेरी, दक्षिण आफ्रिका, थायलंड, ब्राझीलपर्यंत पोचले आहे. पण स्वीडन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी वॉशिंग्टनचा कल पाहतो. आपल्याला तो मार्ग स्वीकारायचा असेल तर खुशाल स्वीकारावा, मात्र त्याला स्वायत्तता म्हणू नये.

आणि आपणही हे हत्यार वापरायचा प्रयत्न केलेला आहे. चीन-पाकिस्तानच्या जेएफ-१७ मध्ये रशियाचे आरडी-९३ इंजिन आहे. ते चीनमार्गे पाकिस्तानला जाऊ नये म्हणून दिल्लीने मॉस्कोकडे आक्षेप घेतला होता. रशियाने शेवटी परवानगी दिली. पण नस कुठे आहे, हे आपल्याला तेव्हाही नेमके माहीत होते.

म्हणून ओझरच्या वाचकांना आणि इतर सर्वांनाही एक विनंती. यापुढे एखादे विमान ‘साठ टक्के स्वदेशी’ किंवा ‘सत्तर टक्के स्वदेशी’ असल्याची बातमी वाचाल तेव्हा टक्केवारीवर थांबू नका. कोणता भाग कोणी अडवला तर हे विमान जमिनीवर राहील, हे विचारा. ९७ तेजसची नवी मागणी नोंदली गेली आहे आणि त्यांची इंजिनेही अमेरिकेतूनच यायची आहेत. पुढच्या पिढीच्या विमानासाठी फ्रान्सच्या सॅफ्रानबरोबर इंजिन विकसित करण्याची बोलणी सुरू आहेत. त्या करारात पात्यांची विद्या किती मिळते आणि निर्यातीचा अधिकार कोणाकडे राहतो, या दोन कलमांवरच त्याची किंमत ठरवावी. बाकी सगळे तपशील दुय्यम आहेत.