लेहला निघताय? सामान कमी, दिवस जास्त

मनाली ते लेह हा रस्ता जेमतेम 430 किलोमीटरचा. पुण्या-मुंबईहून दर उन्हाळ्यात कितीतरी जण मोटरसायकलने तिथे जातात, कुणी घरापासून चालवत, कुणी गाडी रेल्वेने पार्सल करून. तयारी महिनोन्‌महिने चालते, पण त्यात खरेदीच फार. खरं तर आखायचे असतात ते दिवस, आणि काही पक्के गैरसमज नेमके तिथेच आड येतात.

गैरसमज : आपण हायवेवर दिवसाला 500 किलोमीटर मारतो, मग मनाली-लेह एका दिवसात होईल.

वस्तुस्थिती : घाट, खडी, लष्करी ट्रकांचे ताफे आणि रस्त्यावरून वाहणारे नाले लक्षात घेता तासाला 25-30 किलोमीटरच धरा. बर्फ वितळतं तसं नाल्यांचं पाणी दुपारनंतर वाढतं. सकाळी सहज ओलांडता येणारा नाला संध्याकाळी गाडी अडवतो. म्हणून पहाटे निघावं आणि दुपारीच मुक्कामाला पोचावं.

गैरसमज : रोज व्यायाम करणाऱ्याला उंची बाधत नाही.

वस्तुस्थिती : विरळ हवेपुढे कमावलेलं शरीर कामी येत नाही. तिथे सवयच लागते, आणि सवयीला वेळ लागतो. मनाली सुमारे 2,050 मीटरवर, वाटेतलं सरचू सुमारे 4,290 मीटरवर. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण 500 मीटरहून जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. मनालीहून निघून पहिली रात्र सरचूला काढणारे हा नियम पार मोडतात. त्यात सरचू दोन्ही बाजूंनी खिंडींत अडकलेलं आहे. मध्यरात्री त्रास वाढला, तर खाली जाण्यासाठीही आधी चढावं लागतं : मनालीकडे बारालाचा ला, लेहकडे नकी ला आणि लाचुलुंग ला.

म्हणून श्रीनगर, कारगिल, लेह असं चढून मनालीमार्गे परतणं बरं, कारण तिकडून उंची हळूहळू वाढते. मनालीहूनच चढायचं असेल, तर पहिला मुक्काम सुमारे 3,200 मीटरवरच्या जिस्पाला करा, जमल्यास दोन रात्री. लेहमध्ये दोन दिवस विश्रांती घ्या, खारदुंग ला ही खिंड त्यानंतर. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटंच पुरतो. डोकेदुखी आणि उलट्या वाढत गेल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

गैरसमज : पेट्रोल जितकं जास्त, तितकं बरं.

वस्तुस्थिती : वाटेतल्या तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. ती वाचून काही जण पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल भरतात. हे धोक्याचं आहे, आधी हिशेब करा. 13 लिटरची टाकी आणि लिटरला 35 चं ॲव्हरेज म्हणजे 455 किलोमीटर. चढावर ॲव्हरेज घटतं, म्हणून घट्ट झाकणाच्या, पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये पाचेक लिटर जादा पुरतं. तांदीला टाकी काठोकाठ भरायला मात्र विसरू नका.

गैरसमज : सामान घट्ट बांधलं की झालं, कुठेही बांधा.

वस्तुस्थिती : वजन कुठे आहे, यावर गाडीचा तोल ठरतो. जड सामान उंच आणि मागे लटकलं, की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर हँडल डगमगतं. हत्यारं, ट्यूब, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल असलं जड सामान सॅडलबॅगेच्या तळाशी ठेवा, कपडे वर. दोन्ही बाजूंचं वजन सारखं करा. बॅग सायलेन्सरला टेकत नाही ना आणि मागचा दिवा झाकला जात नाही ना, हे पाहा. हूकवाल्या इलॅस्टिक दोऱ्या सुटून चाकात अडकू शकतात, त्यापेक्षा बकलचे पट्टे बरे. बॅगेला वरून रेनकव्हर असलं तरी कपडे आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. सगळं लादून निघण्याआधी एक दिवस ताम्हिणी किंवा माळशेज घाट करून या. काय जास्त झालंय, ते तिथेच कळेल आणि ते घरी ठेवता येईल.

शेवटी वेळापत्रक. दहा दिवसांच्या सुट्टीत दोन दिवस कोरे ठेवा. दरड कोसळली किंवा सोबत्याचं डोकं दुखू लागलं, की तेच दोन दिवस कामी येतात. सुट्टी तेवढी नसेल, तर पँगाँग सरोवर गाळा, विश्रांतीचे दिवस गाळू नका.