गोठलेल्या पर्वतसरोवरातील ट्राऊटची मासेमारी : बर्फाखालील प्राणवायूचा हिशेब

शीत प्रदेशांतील पर्वतसरोवरे हिवाळ्यात गोठतात आणि त्या बर्फाला छिद्र पाडून खालचा ट्राऊट मासा गळाने धरण्याची प्रथा तेथे रूढ आहे. वरवर पाहता हा केवळ करमणुकीचा विषय वाटेल. परंतु छिद्र कोठे पाडावयाचे, गळ किती खोल सोडावयाचा, तो कसा हलवावयाचा आणि मुळात बर्फावर पाऊल केव्हा ठेवावयाचे, या प्रश्नांची उत्तरे सरोवराच्या भौतिक व जैविक घडणीत सापडतात. गोठलेले सरोवर हे दार लावून घेतलेल्या कोठारासारखे असते. शरद ऋतूत जेवढा प्राणवायू आत साठला, प्रायः तेवढ्यावरच वसंतापर्यंत निर्वाह करावा लागतो. या साठ्याचा हिशेब कसा चालतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

उदाहरणादाखल स्वित्झर्लंडमधील ओशिनेन सरोवर घेऊ. कान्डरश्टेग गावाच्या वरच्या अंगास, समुद्रसपाटीपासून १,५७८ मीटर उंचीवर, डोंगराची दरड कोसळून पाणी अडल्यामुळे हे सरोवर निर्माण झाले. त्याची कमाल खोली सुमारे ५६ मीटर आहे. बर्फ पुरेसा जाड झाला म्हणजे येथे मासेमारी सुरू होते. ट्राऊटप्रमाणेच त्याचा भाऊबंद असलेला ‘आर्क्टिक चार’ हा मासाही येथे मिळतो.

पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेंटिग्रेडला सर्वाधिक असते, हा या विवेचनाचा पाया होय. शरद ऋतूत पृष्ठभागाचे पाणी थंड होते, जड होऊन खाली जाते आणि तळाचे पाणी वर येते. या घुसळणीमुळे हवेतील प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. सर्व पाणी ४ अंशांवर आले की ही क्रिया उलटते. त्याहून थंड झालेले पाणी हलके असल्याने वरच राहते आणि एखाद्या निवांत रात्री गोठते. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९२ पट असल्याने तो तरंगतो. त्यानंतर बर्फालगत ० अंश आणि तळाशी ४ अंशांच्या जवळपास, असा उन्हाळ्याच्या नेमका उलट तापमानक्रम सरोवरात आढळतो.

आता जमेची बाजू पाहू. समुद्रसपाटीवर ० अंशाच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ओशिनेनच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ८३ टक्केच असल्याने हे प्रमाण १२ मिलिग्रॅमच्या आसपास येते. ट्राऊटला सुस्थितीत राहण्यास साधारणतः ५ ते ६ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि ३ मिलिग्रॅमच्या खाली त्याच्या जिवास धोका संभवतो. म्हणजे हिवाळ्याच्या आरंभी शिल्लक भरपूर असते. परंतु बर्फाचे झाकण बसले की हवेशी संबंध तुटतो. बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल तर प्रकाश आत शिरून शैवाल थोडाफार प्राणवायू निर्माण करते. त्यावर हिमाचा जाड थर साचला की तीही आवक जवळजवळ थांबते.

खर्चाची बाजू मात्र चालूच राहते. तळाशी साचलेला पालापाचोळा व मृत वनस्पती सूक्ष्मजंतू कुजवितात आणि त्यात प्राणवायू खर्च होतो. म्हणून टंचाई तळापासून सुरू होते व हळूहळू वर चढते. खोल व पोषकद्रव्ये कमी असलेल्या सरोवरात पाण्याच्या मानाने गाळ थोडा असतो, त्यामुळे साठा पुरून उरतो. उथळ व वनस्पतींनी भरलेल्या सरोवरात मात्र हिवाळा संपण्यापूर्वीच तो आटतो, मासे गुदमरून मरतात आणि बर्फ वितळल्यावर त्यांचा खच काठाशी दिसतो.

माशाच्या बाजूने एक सवलत आहे. तो शीतरक्ताचा प्राणी असल्याने थंड पाण्यात त्याचा चयापचय मंदावतो आणि प्राणवायूची गरजही घटते. तरीही ट्राऊटचे खाणे बंद पडत नाही. चिलटांसारख्या कीटकांच्या अळ्या व सूक्ष्म कवचधारी प्राणी तो टिपत राहतो. परंतु दूरवर पाठलाग करण्यात शक्ती घालविणे त्याला परवडत नाही. म्हणूनच अनुभवी मासेमार लहान आमिष वापरतो, ते अगदी सावकाश हलवितो आणि हलका झटकाही हाताला कळावा म्हणून आखूड व लवचीक टोकाची काठी वापरतो. हिवाळ्याच्या आरंभी तो काठाजवळच्या उथळ भागात छिद्र पाडतो, कारण खाद्य तेथे अधिक असते. उथळ सरोवरात हिवाळा लांबला की मासे बर्फालगतच्या थरात किंवा ओढ्याच्या मुखाशी ताज्या पाण्यात जमतात.

येथेच या उद्योगातील खरा धोका आहे. वाहत्या पाण्याने खालून उष्णता मिळत राहिल्याने ओढ्याच्या मुखाशी बर्फ पातळ राहतो. ज्या ठिकाणी माशाला श्वास मिळतो, नेमक्या त्याच ठिकाणी माणसाच्या पायाखालचा आधार सर्वांत कमी भरवशाचा असतो.

बर्फाच्या वाढीचा नियम योसेफ स्टेफान यांनी १८९१ मध्ये मांडला. त्यानुसार जाडी ही साठलेल्या थंडीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. दररोजचे सरासरी तापमान शून्याखाली जितके अंश असेल त्यांची बेरीज म्हणजे ही साठलेली थंडी होय. आदर्श स्थितीत जाडी सेंटिमीटरमध्ये या बेरजेच्या वर्गमूळाच्या सुमारे साडेतीन पट भरते. म्हणजे १० सेंटिमीटरला बेरीज ८ पुरते, पण २० सेंटिमीटरला ३२ लागते. प्रत्यक्षात वाढ याहूनही मंद असते, कारण वरचे हिम पांघरुणासारखे उष्णता अडविते. पायी चालणाऱ्या माणसासाठी किमान १० सेंटिमीटर स्वच्छ बर्फ हवा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ओल्या हिमापासून बनलेला पांढरा बर्फ सुमारे निम्म्याच ताकदीचा मानतात, म्हणून तो दुप्पट जाड असावा लागतो. शिवाय पाण्याची पातळी उतरली तर काठालगतचा बर्फ निराधार होऊन तडकतो. यास्तव एका जागी मोजलेली जाडी साऱ्या सरोवराची समजणे चूक ठरते.

हा हिशेब आता बदलत आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथील सरोवराचा बर्फ फुटण्याच्या तारखा १८३२ पासून नोंदलेल्या आहेत आणि त्या तारखा अलीकडे सरकत गेल्याचे दिसते. बर्फाचा काळ घटल्याने माशाची प्राणवायूची चणचण कमी होऊ शकेल, परंतु माणसाला मात्र जुन्या पंचांगावर विसंबून बर्फावर उतरता येणार नाही.

आपल्याकडे काश्मीरमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून ट्राऊट रुजविण्यात आला. हरमुख पर्वताच्या पायथ्याचे गंगाबल सरोवर ट्राऊटसाठी प्रसिद्ध आहे आणि तेही हिवाळ्यात गोठते. अशा सरोवरांच्या अभ्यासात मासेमाराचे छिद्र संशोधकालाही उपयोगी पडते. त्यातून निरनिराळ्या खोलींवरचे पाणी काढून विंकलर यांच्या १८८८ च्या पद्धतीने प्राणवायू मोजता येतो. हिवाळ्याच्या आरंभी, मध्यास व अखेरीस अशी तीन मोजमापे घेतली, तरी त्या सरोवरातील मासे वसंतापर्यंत तग धरतील की नाही, याचा विश्वसनीय अंदाज बांधता येईल.