एकट्याची डोंगरवाट आणि सह्याद्रीचे हवामान

सकाळी बारी गावातून निरभ्र दिसणारे कळसूबाईचे शिखर दुपारी तसेच दिसेल, याची शाश्वती एकट्याने चढाईस निघालेल्याने धरू नये. अकोले तालुक्यातील हे शिखर १,६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंडावतात आणि पाहता पाहता ढग होऊन वाट झाकून टाकतात. पायथ्याशी ऊन व माथ्यावर धुके, हे म्हणूनच नवलाचे नव्हे.

अवघड टप्प्यांवरील लोखंडी शिड्यांमुळे नवरात्रात दर्शनास येणाऱ्या भाविकांची मोठी सोय झाली आहे. तथापि विजा चमकू लागल्या की ह्याच शिड्या धोक्याच्या ठरतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज बहुधा दुपारनंतर कडाडते. तेव्हा मध्यान्हापूर्वीच माथा सोडलेला बरा.

एकट्याचा पाय मुरगळला, तर गावात निरोप नेणारा कोणी नसतो. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे निघताना गावात सांगण्यास खर्च काहीच नाही. नेमके तेच राहून जाते. पायथ्याच्या ग्रामपंचायतीने याची साधी नोंदवही ठेवली, तर कोण परतले नाही हे अंधार पडण्यापूर्वी कळेल.