कागद धरणारी भिंत

घोड नदीच्या कोरड्या वाळूत एक लोहचुंबक फिरवून पाहा. भीमेच्या वाळूत फिरवला तरी चालेल. चुंबकाला बारीक काळे कण चिकटून येतात. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं खनिज असतं. दगड झिजून त्याचे कण वाळूत येतात. त्यांत लोखंड असतं, म्हणून चुंबक त्यांना ओढतो. बाकीची वाळू जागची हलत नाही.

शहरात हल्ली असाच एक रंग विकत मिळतो. तो भिंतीला दिला, की चुंबकाने तिथं कागद लावता येतो. खिळा नको, खळ नको. पण त्या रंगात चुंबक नसतो बरं का! त्यात लोखंडाची पूड कालवलेली असते. हा रंग महाग पडतो. त्याचे तीन-चार हात द्यावे लागतात, आणि एवढं करून एखादाच हलका कागद टिकतो. आपल्या मातीच्या, चुन्याच्या भिंतीचे पोपडे निघतात. त्यांच्याबरोबर तो रंगही जायचा. त्यापेक्षा रंगवलेला पत्रा बरा.

पण भिंतीवर लावायचं काय? शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याच्या घरात आता कागद थोडे नाहीत. कालव्याच्या पाण्याची पाळी, शेतीपंपाच्या विजेचं वेळापत्रक, लाइटबिल, उसाच्या वजनाच्या पावत्या. एक पेटीत, एक उशीखाली, एक सदऱ्याच्या खिशात. सदरा धुवायला गेला, की पावतीही धुतली जाते.

सगळ्यांत मोलाचं म्हणजे बाळाच्या लसीचं कार्ड. जन्मल्यावर, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, पुढे नवव्या महिन्यात, आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास लसी द्यायच्या असतात. नवव्या महिन्यातली लस गोवराची. गोवर हा साधा आजार नव्हे. त्यात मुलं दगावतात. सरकारी दवाखान्यात या लसी फुकट मिळतात, पण तारीख ध्यानात राहायला हवी. कार्ड डोळ्यांसमोर असलं, तर आजीही विचारील, "सूनबाई, बाळाची सुई कधी आहे गं?" सातबारा, खरेदीखत मात्र भिंतीवर लावू नका. ते पेटीतच ठेवा.

आता पत्र्याचं. गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्या. तळ आणि झाकण कापून तो उलगडला, की सुमारे ३ फूट लांब आणि सव्वा फूट रुंद पत्रा मिळतो. कीटकनाशकाचा डबा कधीही घेऊ नका. तो कितीही धुतला तरी घरात नको. भंगारवाल्याकडून पत्रा घेत असाल, तर चुंबक बरोबर न्या. अॅल्युमिनियमला आणि पितळेला तो चिकटत नाही. स्टीलचं काही सांगता येत नाही. एका ताटाला चिकटतो, दुसऱ्याला नाही. घरावरच्या जस्ती पत्र्याला चिकटतो, कारण जस्ताखाली लोखंडच असतं.

पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. पकडीने त्या अर्धा इंच आत दुमडून ठोकून घ्या. सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढा. मग काचकागदाने घासा. गुळगुळीत पत्र्यावर रंग धरत नाही. आधी गंज न चढू देणारा तांबडा रंग द्या. त्याला रेड ऑक्साइड म्हणतात. तो वाळला, की शाळेच्या फळ्याचा काळा रंग दोन पातळ हातांनी लावा. एका हातानंतर एक दिवस थांबा. हे काम अंगणात करावं, बंद खोलीत नको. रंगाचा थर जाड केला, तर चुंबक लोखंडापासून दूर पडतो आणि त्याची पकड ढिली होते. दोन कागदांना धरणारा चुंबक दहा कागदांना धरत नाही, त्याचं कारणही हेच.

काळ्या रंगावर खडूनेही लिहिता येतं. नुकती अक्षरं शिकलेल्याला हा फायदा मोठा. आज कोणाकडे किती लिटर दूध घातलं, एवढं रोज लिहिलं तरी हात बसतो.

मातीच्या भिंतीत खिळे हलतात. म्हणून लाकडाच्या दोन पट्ट्या बसवून पत्रा त्यांवर ठोका. विजेच्या बोर्डापासून आणि वायरीपासून तो लांब ठेवा. लोखंडातून वीज वाहते. चुलीचा धूर आणि गळकं छप्परही टाळा.

चुंबक कुठून आणावा? फुटक्या लाउडस्पीकरच्या मागे काळा, गोल चुंबक असतो. तो चांगला चालतो. बाजारात चकचकीत, मण्याएवढे चुंबकही मिळतात. ते फार जोराचे असतात. ज्या घरात लहान मूल आहे, तिथं ते आणूच नयेत. मुलानं असे दोन गिळले, तर ते पोटात आतड्याच्या दोन वळ्यांतून एकमेकांना ओढतात. मधली आतडी चिमटली जाते आणि तिला भोक पडतं. मूल सुरुवातीला हसतं-खेळतं दिसेल, तरी वाट पाहू नका. पडतील आपोआप, असं म्हणून केळी चारत बसू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या आणि चुंबक गिळल्याचं डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. हृदयाला मशीन बसवलेल्या माणसानंही चुंबक छातीजवळ नेऊ नये.